जिंकलेलं दिसतं, हरलेलं दिसत नाही

ऑक्टोबर २०२३. विश्वचषकाचे सामने भारतात चालू होते आणि पिंपरी-चिंचवडमध्ये एकाच बातमीची चर्चा होती. इथल्याच पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाने मोबाइलवर पैसे भरून क्रिकेटचा काल्पनिक संघ लावला आणि त्याला दीड कोटी रुपये लागले. मोशीतल्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपमधून ती बातमी माझ्या फोनवर आली. सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या, एवढंच काय, भजनी मंडळाच्या ग्रुपमधूनही. काही दिवसांतच पुढची बातमी आली. परवानगी न घेता असा खेळ खेळल्याचा आणि गणवेशात माध्यमांना मुलाखती दिल्याचा ठपका ठेवून त्या अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आलं होतं. ही दुसरी बातमी मला एकाही ग्रुपवर आली नाही. ती मी वर्तमानपत्रात वाचली.

तो खेळ तेव्हा कायद्याने बंद नव्हता आणि त्या अधिकाऱ्याच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करायचा इथे हेतू नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो दोन बातम्यांच्या प्रवासातला फरक. जिंकल्याची बातमी पायांना चाकं लावून फिरते, बाकीचं जागेवर राहतं. महाविद्यालयात शिकणारी मुलं जुगाराकडे कशी वळतात, याचं बरंचसं उत्तर या एका फरकात आहे.

मोशीतली खोली

देहू आणि आळंदी यांच्या मधोमध, इंद्रायणीच्या काठी मोशी वसलं आहे. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. पुणे-नाशिक महामार्ग गावातून जातो. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत. शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले, आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र आलं, आणि आजूबाजूच्या इंजिनिअरिंग, डिप्लोमा, फार्मसी, आयटीआयच्या मुलांनी इथल्या खोल्या भरल्या. लातूर, नांदेड, बीड, बुलढाणा, जळगाव, सोलापूर अशा जिल्ह्यांतून ही मुलं येतात. एका खोलीत चौघं, कॉट बेसिसवर. मेसचा डबा ठरलेला. कुणी सकाळी कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरीला जातो, कुणी चाकणला ट्रेनी म्हणून सेकंड शिफ्ट करतो.

या खोलीत घरचं कुणी नसतं. काका पाहतील, शेजारची आजी आईला सांगेल, हा धाक गावाच्या वेशीवरच राहिलेला असतो. इथे आई, बाप, भाऊ सगळं काही रूममेटच. आजारी पडलं की दवाखान्यात नेणारा तोच, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स देणारा तोच, महिनाअखेरीला पाचशे रुपये हातउसने देणाराही तोच. परगावी आलेल्या मुलाला हे मित्र मिळाले नाहीत तर त्याचे फार हाल होतात. म्हणूनच त्यांच्यात बसायला मिळावं यासाठी तो पुष्कळ काही करायला तयार होतो. २०२५ पर्यंत आयपीएलच्या दिवसांत सगळी खोली संघ लावत असली, तर ४९ रुपये भरून त्यांच्यात बसणं त्याला महाग वाटत नसे. ते पैसे खेळासाठी नव्हतेच, सोबतीसाठी होते.

तीन हजार वर्षांपूर्वीचा जुगारी

हे आजचं नाही. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात ३४ वं सूक्त ‘अक्षसूक्त’ म्हणून ओळखलं जातं. बेहड्याच्या फळांचे फासे करून खेळणाऱ्या एका जुगाऱ्याचं ते मनोगत आहे. बायको दूर लोटते, सासू तिरस्कार करते, आई-बाप आणि भाऊ याला ओळखतही नाही म्हणतात, कर्जापायी रात्री दुसऱ्यांच्या दारात जावं लागतं, हे सगळं तो स्वतः सांगतो. पण त्या सूक्तातली एक जागा मला सर्वांत खरी वाटते. तो मनाशी ठरवतो की आता खेळायचं नाही. मग मित्र त्याला मागे सोडून खेळायला निघून जातात आणि तो एकटा उरतो. तेवढ्यात फाशांचा आवाज कानावर येतो, निश्चय गळून पडतो आणि तो त्यांच्यामागे जातो.

आपण जुगाऱ्याचं वर्णन करताना लोभ, आळस, वाईट संस्कार अशी नावं घेतो. त्या प्राचीन कवीने मात्र लोभाच्या आधी एकटेपण पाहिलं होतं. सगळे तिकडे आणि मी एकटाच इकडे, ही ती भावना.

आजच्या मानसशास्त्राने हेच प्रयोग करून तपासलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ वर्षांपुढच्या अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचं की गाडी पुढे दामटायची, एवढाच प्रश्न. एकट्याने खेळताना तिन्ही गटांतल्या धोका पत्करण्यात फारसा फरक नव्हता. पण बरोबरीचे मित्र शेजारी बसवले तेव्हा किशोरवयीनांचं धोका पत्करणं दुपटीहून वाढलं, १८ ते २२ च्या गटात ते साधारण दीडपट झालं, आणि मोठ्यांत काहीच बदल झाला नाही. तोच मुलगा, तीच अक्कल, फक्त शेजारी मित्र बसले. कॉलेजचं वय नेमकं या मधल्या गटात येतं. मोठ्या माणसांनी ‘मी नाही का मित्रांत राहून नीट वागलो’ असं म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावं. आज आपण ज्या वयात आहोत त्या वयाच्या मापाने आपण त्या मुलाला मोजत असतो.

‘सगळेच खेळतात’ हा भास

मुलाला विचारलं, का खेळतोस, तर पहिलं उत्तर येतं, ‘सगळेच खेळतात.’ हे त्याला खरंच वाटत असतं. पण ते खरं असतं का?

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मेरी लॅरिमर आणि क्लेटन नेबर्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. तू स्वतः किती वेळा जुगार खेळतोस, किती पैसे घालवतोस? आणि तुझ्या मते इतर विद्यार्थी किती खेळतात, किती घालवतात? इतरांबद्दलचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला. आणि ज्याचा अंदाज जितका फुगलेला, तितका तो स्वतः जास्त खेळणारा, असंही दिसलं. म्हणजे विद्यार्थी ज्या गर्दीच्या मागे धावत होते, ती गर्दी बरीचशी त्यांच्या मनातली होती.

आपल्याकडचा आकडा पाहू. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात ५८ महाविद्यालयांतल्या साडेपाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची डॉ. जयसूर्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. कधी ना कधी जुगार खेळल्याचं १९.५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं. त्यात लॉटरी सर्वांत पुढे होती. ७.४ टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत खेळण्याने त्रासाचं रूप घेतलं होतं. यातले दोन्ही आकडे नीट वाचायला हवेत. पहिला सांगतो की पाचातले चार विद्यार्थी कधीच खेळले नव्हते. म्हणजे ‘सगळेच’ हा शब्द चुकीचा होता. दुसरा सांगतो की जे खेळले, त्यांच्यातल्या तिघांपैकी एकाहून जास्त जणांना त्याचा त्रास झाला. म्हणजे ‘गंमत म्हणून’ हा शब्दही पुरेसा नव्हता. अशा त्रासातल्या मुलांमध्ये मुलगे जास्त होते, शिकता शिकता अर्धवेळ काम करणारे जास्त होते, आणि नापास होणं, नशा, मानसिक ताण, आत्महत्येचे विचार यांचं प्रमाणही जास्त होतं. सेकंड शिफ्ट करून हातात स्वतःचा पैसा असलेला, घरापासून दूर राहणारा आमच्याकडचा मुलगा आठवावा, म्हणजे या वाक्याचं वजन कळेल.

एका ग्रुपचा हिशेब

मग ‘सगळेच खेळतात आणि बरेच जिंकतात’ असं का वाटतं? यासाठी एक छोटा हिशेब मांडून पाहू. वहीत तुम्हीही करू शकता.

समजा, एका व्हॉट्सॲप ग्रुपवर २० मित्र आहेत. आयपीएलचे ७४ सामने. प्रत्येकाने प्रत्येक सामन्याला एक संघ लावला, म्हणजे एकूण १,४८० डाव झाले. समजा, दहातल्या एका डावात सांगण्याजोगे पैसे लागतात. तर हंगामभरात ग्रुपवर १४८ स्क्रीनशॉट पडतील. हिरव्या अक्षरांतली रक्कम, खाली ‘भावा, पार्टी!’ असे निरोप. उरलेल्या १,३३२ डावांचं काय? त्यांचा स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही. हरलेला मुलगा फोन उशीखाली ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपतो. म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाने दोन महिन्यांत १४८ विजय डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःचे सोडून एकही पराभव पाहिला नाही. मग त्याच्या मनात येतं, सगळ्यांना लागतंय, माझंच काहीतरी चुकतंय, अजून थोडं लावून पाहू. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी सगळ्यांची मिळून फसगत झाली.

ऑस्ट्रेलियात रॉकलॉफ आणि डायर या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच आढळलं. लोकांना संगणकावरच्या जुगार यंत्रापुढे बसवलं आणि इतर खेळाडू जिंकत असल्याचे निरोप पडद्यावर दाखवले, जिंकल्याची घंटाही वाजवली. ते निरोप आणि ती घंटा बनावट होती. तरीही ज्यांना ते दिसलं आणि ऐकू आलं, ते जास्त खेळले आणि त्यांनी जास्त पैसे घालवले. आपल्या ग्रुपवरचा स्क्रीनशॉट म्हणजे ती घंटा. फरक एवढाच की ती आपलाच मित्र वाजवतो.

आता पैशाचा हिशेब. समजा, १०० जणांनी ५० रुपये भरले. जमले ५,००० रुपये. खेळ चालवणाऱ्याने १५ टक्के काढून घेतले आणि ४,२५० रुपये वाटले. कुणाला हजार मिळाले, कुणाला काहीच नाही, पण सरासरी माणशी ५० चे साडेबेचाळीसच परत आले. तेच पैसे पुन्हा लावले, पुन्हा लावले, असं दहा वेळा झालं तर सरासरीने १०० रुपयांतले जेमतेम २० उरतात. क्रिकेटचा कितीही अभ्यास करा, सगळे मिळून वाटणारी रक्कम वाढत नाही. एका अभ्यासूचा नफा दहा नवख्यांच्या खिशातूनच येतो. दर सामन्याला ४९ रुपये लावले तर ७४ सामन्यांत ३,६२६ रुपये होतात. मोशीत दोन वेळच्या मेसचा महिन्याचा खर्च जवळपास तेवढाच येतो.

आणि हरणं तिथे थांबत नाही. गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा लावायचे, याला मुलं ‘रिकव्हरी’ म्हणतात. जुगाराच्या आजाराचं हे एक महत्त्वाचं लक्षण आहे. अगदी थोडक्यात हुकलेला डावही मेंदूला जिंकल्यासारखाच चाळवतो, असं केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या २००९ च्या अभ्यासात मेंदूच्या प्रतिमांवरून दिसलं. शेवटच्या चेंडूवर कर्णधार बाद झाला म्हणून बक्षीस गेलं, असं सांगताना मुलाच्या डोळ्यांत जी चमक असते, तिचा उगम तिथे आहे. त्याला तो पराभव वाटतच नाही.

घर, सण आणि हिरो

सगळा दोष मित्रांवर टाकला तर ते अर्धसत्य ठरेल. पत्त्यांचा पहिला डाव बऱ्याच मुलांनी मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून पाहिलेला असतो. गणपतीतल्या जागरणात, गोकुळाष्टमीच्या रात्री, लग्नघरात ‘नुसतं खेळण्यात मजा नाही, दहा-दहा रुपये लावू’ म्हणणारे आपणच असतो. त्या दहा रुपयांनी घर बुडत नाही, पण पैसे लावल्याशिवाय खेळाला चव नाही हा धडा मुलगा तिथे शिकतो.

दुसरा धडा पडद्यावरून आला. २०२० मध्ये संघ लावण्याचा खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलचं प्रायोजकत्व घेतलं. २०२३ मध्ये तिचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. ज्या खेळाडूंची चित्रं मुलांच्या भिंतीवर होती, तेच अशा खेळांच्या जाहिरातीत ‘तुम्हीही संघ बनवा’ म्हणू लागले. डिसेंबर २०२० पासून अशा जाहिरातींत आर्थिक जोखमीचा आणि व्यसनाचा इशारा देणं जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेने आवश्यक केलं होतं, पण हिरोचा चेहरा आणि इशाऱ्याची ओळ यांत मुलगा कुणाचं ऐकणार? ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं, ते याच मुद्द्यावर. भारतरत्न मिळालेल्या माणसाने ऑनलाइन गेमिंगची जाहिरात करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आंदोलनाची पद्धत कुणाला पटो न पटो, प्रश्न रास्त होता. समाज ज्याला डोक्यावर घेतो, त्याच्या शब्दाने मुलांच्या मनात भलं-बुरं ठरतं.

पूर्वी एक अडसर होता, लाजेचा. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या दरांवर आकडे लागत. १९६० च्या दशकात त्यातून मटका आला, पुढे कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने तो राज्यभर पोचला. त्याने गिरणगावातली कितीतरी घरं धुऊन नेली. पण मटका लावायला अड्ड्यावर जावं लागे, चिठ्ठी घ्यावी लागे, जाता-येता चार जण पाहत. ती लाज पुष्कळांना उंबऱ्याच्या आत ठेवी. मोबाइलने तो उंबराच काढून टाकला. आता मुलगा आईशेजारी सोफ्यावर बसून हरू शकतो आणि आईला वाटतं, अभ्यासाचं काहीतरी पाहतोय.

मित्रच एजंट होतो तेव्हा

कायद्याचं थोडक्यात सांगायला हवं. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कौशल्याचा खेळ आणि जुगार यांत फरक केला. त्याच फरकाच्या आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कायदा त्याला बळी मानतो. त्या वेळी सरकारचा अंदाज होता की देशात ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये अशा खेळांत घालवतात. काही दिवसांतच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि जर्सीवरचं नावही गेलं.

मग प्रश्न सुटला का? नाही. उलट मित्रांच्या वाटेने येणारा जुगार आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. बेकायदा सट्ट्याचं ॲप दुकानात मिळत नाही. त्याचा ‘आयडी’, म्हणजे खेळायचं खातं, कुणीतरी ओळखीचा देतो, व्हॉट्सॲपवर. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावात एका इमारतीवर छापा घातला आणि महादेव या बेटिंग ॲपचं काम करणाऱ्या नव्वदच्या आसपास लोकांना ताब्यात घेतलं. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, टोमॅटोची बाजारपेठ. मोशीतून जाणाऱ्या याच नाशिक रस्त्याने साठेक किलोमीटर गेलं की ते गाव लागतं. दुबईतून चालणाऱ्या धंद्याची कचेरी जुन्नर तालुक्यात निघाली. या ॲपचा कारभार ‘पॅनल’ म्हणजे शाखा वाटून चालायचा, आणि नफ्याची ७०-३० अशी वाटणी व्हायची, असं अंमलबजावणी संचालनालयाने म्हटलं आहे. अशी साखळी खाली उतरत उतरत कॉलेजच्या मुलापर्यंत पोचते. त्याला सांगितलं जातं, तू खेळू नकोस, फक्त पाच मित्रांना आयडी दे, कमिशन घे. किंवा, तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, भाडं घे. खातं ज्याच्या नावावर, चौकशीची नोटीसही त्याच्याच नावावर येते. खातं भाड्याने देणं हा साधा व्यवहार नाही, गुन्ह्यात ओढलं जाण्याची ती वाट आहे. एवढं एक वाक्य तरी प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लिहिलेलं असावं.

मग करायचं काय?

जुगाराचा आजार ही नुसती वाईट सवय नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्या बरोबरीने बसवलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही तो आहे. त्यावर उपचार होतात. पण आजार जसा सोबतीने येतो, तसा बराही सोबतीनेच होतो.

विद्यार्थ्यांना खरे आकडे दाखवणं हा एक सोपा आणि तपासलेला उपाय आहे. नेबर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जास्त खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच दाखवलं की तू किती खेळतोस, इतर किती खेळतात असं तुला वाटतं आणि ते खरंच किती खेळतात. नुसत्या या तुलनेने त्यांचं पैसे हरणं कमी झालं. आपल्या कॉलेजांना यासाठी मोठा निधी लागत नाही. नाव न विचारता एका वर्गाची पाहणी करा आणि आकडे फलकावर लावा. ‘आपल्या वर्गात ६० पैकी इतके जण कधीच खेळलेले नाहीत’ हे वाक्य दहा व्याख्यानांहून जास्त काम करील. न खेळणाऱ्या मुलाला पहिल्यांदा कळेल की तो एकटा नाही.

रूममेटने तीन खुणा ओळखाव्यात. मित्र सतत हातउसने मागू लागतो आणि कारण दर वेळी वेगळं असतं. तो मध्यरात्री जागा असतो आणि फोन पालथा ठेवतो. मेस बंद करून ‘भूक नाही’ म्हणतो. अशा वेळी त्याला पैसे देऊ नका, ते पैसे रिकव्हरीला जातात. त्याच्याजवळ बसा, जेवायला घेऊन जा, एकूण किती गेले ते एकदा कागदावर लिहायला सांगा. आकडा लिहिला की अर्धी धुंदी उतरते.

आई-वडिलांना एक विनंती. गावाकडे बातमी पोचते तेव्हा कर्ज डोक्याएवढं झालेलं असतं. कुणी रागाने दार बंद करतो, कुणी गुपचूप एकर विकून कर्ज फेडतो. दोन्ही वाटा पुन्हा तिथेच येतात. दार उघडं ठेवा, पण पैशांचा व्यवहार काही काळ स्वतःच्या हातात घ्या, मुलासमक्ष हिशेब मांडा आणि उपचारांना बरोबर जा. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने चार दशकं हेच दाखवून दिलं आहे की व्यसनातून बाहेर आलेला माणूस नव्याचा हात धरतो, तेव्हा तो हात सुटत नाही. मन खचलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच कळवावं.

आणि शेवटी मोशीत, चाकणात, आकुर्डीत, कुठेही खोली करून राहणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी एकच मागणं. आज रात्री चौघं जेवायला बसाल तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि आतापर्यंत किती गेले हे एकमेकांना खरं सांगा. लाज वाटेल. तरीही जो सर्वांत धीट असेल त्याने सुरुवात करावी, स्वतःच्या आकड्याने. जिंकलेलं आपण आजवर पुष्कळ दाखवलं. हरलेलंही एकदा मित्रांना दिसू द्या.